माणिकप्पाच्या कम्प्युटरातलं गाव

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात माणिकप्पाचा कम्प्युटर सकाळी नऊच्या पुढं हटकून मरायचा, आणि दुपारी तीनला शिवशंकर मेकॅनिक आला की पाहुण्यांपुढं शहाण्या होणाऱ्या सुनेगत चालायचा.

"अप्पा, चालून राहिला की हो ह्यो," शिवशंकर म्हणायचा. तो हदगावकडचा, त्याचं बोलणं तिकडचं. "उगं हेलपाटे घालता माणसाला."

"सकाळी येऊन बघ की, इंजनेर. फाईल ठेवाय गेलं की म्हणतंय डिस्कवर लिहिता येत न्हाई. आन् निळं तोंड करून गप पडलालंय. मग बटन दाबून मारावं लागतंय त्याला."

"निळं तोंड तर माजंबी व्हतं उन्हात फिरून."

पहिल्या खेपेला शिवशंकरनं व्हायरस काढला. दुसऱ्या खेपेला आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या. तिसऱ्या खेपेला डिस्कची केबल बदलली, चौथ्या खेपेला वीज पुरवणारा डबा. प्रत्येक खेपेला तो डिस्क तपासायचा प्रोग्राम लावायचा, पडद्यावर चौकटी भरत जायच्या आणि मध्येच एखादी लाल व्हायची. लाल म्हणजे डिस्कवरची तेवढी जागा मेली. पहिल्या खेपेला तीन होत्या, चौथ्या खेपेला तीस झाल्या.

मी तेव्हा लातुरातल्या एका क्लासच्या ऑफिसात होतो. सरांनी हातानं लिहिलेले फिजिक्सचे पेपर माणिकप्पाकडं टायपिंगला न्यायचे आणि छापील करून आणायचे, हे माझं काम. लातुरात त्या वर्षांत पावसाळ्यातल्या आळंब्यागत क्लास उगवत होते. नांदेड, परभणी, बीड, कुठकुठली पोरं यायची, एकेका खोलीत चार-चार राहायची. त्यांच्या जिवावर खानावळवाले जगले, सायकलवाले जगले, आणि माणिकप्पासारखे टायपिंगवालेही जगले. माणिकप्पा दोन बोटांनीच टाईप करायचा, पण त्यात चूक म्हणून सापडायची नाही. सर म्हणायचे, हा माणूस कागद वाचत नाही, पत्ता वाचतो.

सरांना माहीत नव्हतं, पण बोलले ते खरं होतं. माणिकप्पा चौदा वर्षं येळंबवाडीचा पोस्टमन होता.

येळंबवाडी किल्लारीच्या अंगचं गाव. तीनशे बारा उंबरे. अकराच्या एसटीनं थैली यायची. माणिकप्पा वेशीतून निघायचा, मारुतीच्या पारावरून वरच्या गल्लीला लागायचा, तिथून खाली ओढ्यापर्यंत उतरायचा आणि फेरी आपल्याच उंबऱ्यावर संपवायचा. कोणाच्या पोराची पुण्याहून मनिऑर्डर येते, कोण सासरहून रडून लिहिते, कोणाला वाचता येत नाही पण पत्र उलटं धरून वाचल्यासारखं करतो, सगळं त्याला ठाऊक. मेल्याची खबर असलेलं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं, की तो उंबऱ्यात जायचा नाही. त्या घरच्या माणसाला अंगणात बोलवायचा, तिथंच वाचून दाखवायचा आणि तिथंच फाडायला लावायचा. मेल्याचा कागद घरात ठेवत नाहीत, ही आमच्याकडची रीत. हात धुऊन मगच आत जायचं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात गणपती बुडवून आले, आणि त्या पहाटे भूकंपात गाव गेलं. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीच्याच जड छताचं माळवद. माणिकप्पा, बायको केवळाबाई आणि थोरली ऋतुजा ओट्यावर झोपले होते. धाकटी रुद्राणी आजीजवळ आत. सहा वर्षांची.

गाव पत्र्याच्या शेडात राहायला लागलं तरी टपाल यायचं थांबेना. पोस्टाला कोण मेलं हे कसं कळणार? माणिकप्पा थैली घेऊन शेडांच्या मधोमध उभा राहून नाव पुकारायचा. कोणी "हाव" म्हणलं तर कागद द्यायचा. नाही म्हणलं तर खिशातला लाल पेन काढून त्यावर "मयत" लिहून परत पाठवायचा. चार महिने त्यानं हे केलं. एक दिवस थैली शेडाच्या खुंटीला अडकवून आला, ती परत हातात धरली नाही.

पुढं सरकारनं नवं गाव बांधून दिलं. घरं दिली जमिनीच्या हिशोबानं. ज्याचं शेत जास्ती त्याला मोठं घर, ज्याला शेत नाही त्याला लहान, आणि लहानाची रांग वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लागून राहिलेली माणसं गावाच्या चार टोकांना गेली. आणि मग माणसं विसरायला लागली. माणिकप्पा बाजारात दिसला की बाया थांबवायच्या. "अप्पा, आमच्या न्हाणीच्या मागं कुणाचं घर होतं वो? तोंड डोळ्यापुढं येतंय, नाव येईना." सरकारी यादीत घरकर्त्याचं नाव होतं. पण बाळंतिणी, माहेरी आलेल्या लेकी, रेशनकार्डावर चढायच्या आधीची लेकरं यादीत नीट आलीच नाहीत.

ऋतुजाच्या अकरावीसाठी हे कुटुंब लातूरला आलं. तिच्या अभ्यासासाठी आणि टायपिंगसाठी एका क्लासनं टाकून दिलेला कम्प्युटर माणिकप्पानं घेतला. पोरगी पुढं शिकायला नांदेडला गेली, कम्प्युटर राहिला. आणि माणिकप्पानं त्यात एक फाईल काढली. तिचं नाव ठेवलं "गाव".

फेरी होती तशीच लिहायची, वेशीपासून. एक उंबरा, त्यातली सगळी माणसं, वय, कोण गेलं, कोण राहिलं, घराचं तोंड कुठं. रविवारी नव्या गावाहून कोणी ना कोणी यायचं, दारात बसून आपलं घर सांगायचं. माणिकप्पा वहीत लिहून घ्यायचा, मग टाईप करायचा. टाईप झालं की केवळाबाई वहीतलं ते पान फाडायची, बादलीत भिजवायची आणि लिंबाच्या बुडाला घालायची.

मी एकदा म्हणालो, "अप्पा, वही राहू द्या की. आणि प्रिंटर तर तुमच्या उशाला आहे. छापून ठेवा एक प्रत."

"मेल्याचा कागद घरात?" केवळाबाईनंच उत्तर दिलं. "एकदोन न्हाईत बाबा, आख्खं गाव हाय ते."

"मग फ्लॉपीत तरी घ्या."

"फ्लॉपी तुमच्या क्लासाची हाय," ती म्हणाली. "लेकरांच्या परीक्षेच्या पेपराजवळ मेल्यांची नावं घालू व्हय? कुण्या मायचं लेकरू नापास झालं म्हणजे? कम्प्युटरात कागद न्हाई, काही न्हाई. तितं असू द्या."

माणिकप्पा टाईप करत राहिला. चौदा वर्षं त्यानंच लोकांना अंगणात उभं करून ती कार्डं फाडायला लावली होती.

रत्नम्मा आली ती दोन हजार तीनच्या दिवाळीत. डोळ्याच्या ऑपरेशनला लातूरला आली होती, पट्टी बांधूनच माणिकप्पाच्या दारात येऊन बसली. वरच्या गल्लीचं तिचं घर. अकरा माणसं गेली, ती एकटी माळवदाच्या तुळईखाली पोकळी होती म्हणून राहिली. सून होती त्याच गल्लीतली, तिचं माहेरही सगळं गेलं. रत्नम्मा माहेरची सीमेपलीकडची, बोलण्यात कानडी यायची. एकेक नाव घ्यायची आणि म्हणायची, "बरकोळप्पा." लिहून घे बाबा.

अकरावा होता तिचा नातू, सतरा दिवसांचा. बाराव्या दिवशी बारसं झालेलं, ऐन गणपतीत. बारशाला बायाच असतात, घरच्या आणि गल्लीतल्या. तिच्याशिवाय त्यातली एकही मागं राहिली नव्हती. ते नाव आता जगात एकट्या रत्नम्माला माहीत होतं. तिनं ते सांगितलं, माणिकप्पानं लिहिलं. म्हातारीनं विचारलं, "लिवलास?"

"लिहिलं, रत्नक्का."

"मशीनीत घाल आत्ता. मी हाय तवरच घाल."

त्यानं तिच्यासमोर टाईप केलं. तिला दिसत नव्हतं, पण खटखट ऐकत बसली. झाल्यावर म्हणाली, "आता मी भुलले तरी चालतंय." पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

म्हणून तो कम्प्युटर निळं तोंड करायला लागला तेव्हा माणिकप्पाचं जेवण तुटलं. क्लासचे पेपर गेले तर परत टाईप करता येत होते. रत्नम्माचं घर कोण परत सांगणार?

शेवटी मी शिवशंकरला गाडीवर घालून सकाळी साडेआठलाच आणला. तो कुरकुरतच बसला. "चहा पाजा काकू, सकाळच्या पारी माणूस धरून आणून राहिले तुमी." कम्प्युटरचा डबा खाली फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवलेला होता. टेबलावर फक्त पडदा आणि कळफलक. भूकंपातली माणसं जड वस्तू उंचावर ठेवत नाहीत. त्यांच्या घरात फळी नसते, पोटमाळा नसतो. वरच्या मजल्याची खोली हवेशीर मिळत होती, तीही त्यांनी घेतली नाही. पिठाच्या गिरणीला लागून असलेली ही खालची घेतली, पत्र्याची.

डब्याच्या शेजारी उपडा तांब्या होता आणि त्याच्यावर उपडा पेला. जमीन हलली की पेला वाजतो, माणूस जागा होतो. किल्लारीकडच्या कैक घरांत अजून असतो.

नऊ वाजले. भिंतीपलीकडं गिरणीचा पट्टा चढला आणि जातं फिरायला लागलं. पेला किणकिण करू लागला. आम्ही बोलत होतो ते बोलतच राहिलो. शिवशंकर पेल्याकडं बघायला लागला.

"काकू, ह्यो पेला काहून वाजून राहिला?"

"गिरणीचं हाय ते. भूकंपाचं येगळं वाजतंय. आमाला कळतंय."

"रोज वाजतो?"

"नऊ ते बारा. परत सांजच्याला."

शिवशंकरनं कपबशी खाली ठेवली. फरशीवर बसून डब्यावर तळवा ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग भिंतीवर ठेवला. मग माणिकप्पाचा हात धरून डब्यावर ठेवला. माणिकप्पाला कळलं. डिस्कवर लिहिणारी सुई केसभर अंतरावरून फिरते, ती थरथरली की लिहिलेलं चुकतं, कधी घासतं आणि तेवढी जागा मरते, हे शिवशंकर समजावत होता, पण माणिकप्पा त्याच्याकडं बघत नव्हता. तीन वर्षं तो रोज सकाळी नऊ ते बारा बसून गाव लिहीत होता. शिवशंकर दर खेपेला तीनला यायचा, तेव्हा गिरणीवाला झोपलेला असायचा.

"बंद करा आता," शिवशंकर म्हणाला. "अजिबात चालू करायचं न्हाई. उद्या मी दुसरी डिस्क घेऊन येतो, त्याच्यात सगळं उतरवून घेऊ. अप्पा, ऐकून राहिले न? बघायसाठी बी न्हाई."

टेबल आम्ही समोरच्या भिंतीकडं सरकवलं आणि डबा उचलून त्याच्यावर ठेवला. केवळाबाई टेबलाकडं बघत राहिली. एवढं वजन एवढ्या उंचावर तिच्या घरात बारा वर्षांत पहिल्यांदा चढलं होतं.

त्या संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर त्यांनी कम्प्युटर लावला. हे माणिकप्पानं मला फार दिवसांनी सांगितलं. केवळाबाई म्हणाली होती, "आवो, आपली हाय का बघा तरी." त्यानं नको म्हणलं. मग लावला. फाईल उघडली. तो थेट शेवटच्या उंबऱ्यावर गेला, आपल्या. रुद्राणी माणिकप्पा, वय सहा, घराचं तोंड उगवतीला. केवळाबाईनं पडद्यावर बोट ठेवून अक्षरं लावली. तिला तेवढंच वाचता येतं. मग त्यांनी बंद केलं.

"आपल्या लेकराचं नाव मला पाठ होतं की रं," माणिकप्पा मला म्हणाला. "ते बघाय कशाला लावलं मी? लावलंच होतं तर रत्नम्माचं बघायचं. एक डाव बघितलं असतं तरी ध्यानात बसलं असतं."

दुसऱ्या दिवशी शिवशंकर नवी डिस्क घेऊन आला. चालू केल्यावर जुन्या डिस्कमधून आवाज यायला लागला. टक, टक, टक. थोडं थांबून परत टक, टक. पडद्यावर आलं, डिस्क सापडत नाही. शिवशंकरनं केबल काढून लावली, डबा आडवा करून बघितलं, डिस्क फडक्यात गुंडाळून थंड पाण्याच्या माठाला टेकवून ठेवली आणि परत लावली. टक, टक. तो एरवी तोंड बंद ठेवणारा माणूस नव्हता. त्या दिवशी दोन तासांत एकच वाक्य बोलला. "काल रातच्यालाच यायला पायजे व्हतं मी."

माणिकप्पानं त्याला काही सांगितलं नाही.

शिवशंकर स्वतः ती डिस्क घेऊन हैदराबादला गेला. तिथं मेलेल्या डिस्कातून फायली काढून देणारा एक माणूस होता. महिन्यानं सीडी आली. आम्ही तिघं बसलो. क्लासचे फिजिक्सचे त्रेसष्ट पेपर जसेच्या तसे निघाले, एक काना-मात्रा इकडंतिकडं नाही. "गाव" उघडली. वेशीपासूनचे चार उंबरे दिसले. पाचव्या उंबऱ्याच्या मधूनच रिकाम्या चौकोनांच्या रांगा लागल्या, त्या खाली शेवटपर्यंत. माणिकप्पा बाण दाबत दाबत शेवटपर्यंत गेला. वाटेत एकही अक्षर लागलं नाही.

"पेपर कसे राहिले मग?" त्यानं विचारलं.

"ते एकदाच लिहिले न अप्पा. ही तुमी रोज उघडून रोज लिहून राहिले. रोज जागा बदलली, रोज मार बसला."

केवळाबाई आतून आली. तिच्या हातात दुकानातून आणलेली जाड वही होती, पुठ्ठ्याची. ती तिनं कळफलकावर ठेवली. "लिवा," म्हणाली. "कागदावरच लिवा. राहू द्या घरात. अजून काय वाईट व्हायचं राहिलंय आपलं?"

तो पावसाळा माणिकप्पानं वहीवर काढला. टायपिंग सोडलं. सर दुसरा टायपिस्ट बघा म्हणाले, मी बघितला. तरी मी जात राहिलो. तो डोळे मिटून वेशीतून निघायचा, पाय हलवायचा बसल्याजागी, आणि उंबरा आला की थांबून लिहायचा. लई नावं आली. जी आली नाहीत त्यांच्यासाठी तो नव्या गावाला जायचा, विचारून आणायचा. सांगणाऱ्यांतले काही आता नव्हते, पण त्यांची पोरं होती, जावा होत्या, काही ना काही मिळायचं. रत्नम्माच्या घराची दहा माणसं अशीच गोळा झाली.

अकराव्यासाठी मी त्याच्याबरोबर गेलो. नव्या गावात समाजमंदिराच्या ओट्यावर आठ-दहा माणसं जमली. माणिकप्पानं वही उघडून विचारलं.

"गणपतीत बारसं झालेलं लेकरू," एक जण म्हणाला. "गणेश असंल की."

"हट. आज्याचं नाव ठेवत्यात त्यांच्यात. शिवलिंगप्पा."

"एवढ्याशा लेकराला शिवलिंगप्पा? पाळणा मोडंल की."

लोक हसले. माणिकप्पा हसला नाही.

"दोन्ही न्हाईत," तो म्हणाला. "येगळंच होतं. रत्नक्कानं सांगितलं तवा मी हसलो होतो. म्हणलं, असलं कसलं नाव ठेवलासा गं? ती बी हसली पट्टीखाली. माझं हसलेलं ध्यानात हाय. तिचं हसलेलं हाय. नाव न्हाई."

मग एक म्हातारा, चांगल्या मनानं, म्हणाला, "अप्पा, गणेशच लिव की. बिगडतंय काय? इचारणारं तरी कोण राहिलंय?"

माणिकप्पानं पेन हातात धरला होता. त्याचं टोक कागदाला लागलं, तिथं एक ठिपका उमटला. त्यानं पेन उचलला.

"बारशाला त्याच्या कानात कुणी गणेश म्हणलं न्हवतं, काका."

त्यानं दहा नावांखाली लिहिलं, रत्नम्माचा नातू, वय सतरा दिवस. नावाची जागा मोकळी सोडली, बोटभर. शाई वाळेपर्यंत थांबला आणि पान उलटून पुढच्या उंबऱ्याच्या माणसांबद्दल विचारू लागला.